पुतळा नंतर, जागा आधी: परसबागेत शिल्प बसवण्याची सविस्तर कृती

माझ्या परसबागेतला पहिला पुतळा म्हणजे कमरेवर घागर घेतलेली एक बाई. सव्वातीन फूट उंच, सिमेंटची, नाकीडोळी नीटस. आणली त्या दिवशी उत्साहाच्या भरात हिरवळीच्या बरोब्बर मधोमध उभी केली. चार पावलं मागे जाऊन पाहिलं तर ती चौकातल्या वाहतूक पोलिसासारखी दिसत होती, शिट्टी तेवढी कमी. मग पाऊस लागला, खालची माती फुगली आणि बाई डावीकडे कलली. सरळ केली, पुन्हा कलली. शेवटी कंटाळून मी तिला मागच्या कोपऱ्यात, कुंपणाच्या गर्द झुडपांपुढे नुसती नेऊन ठेवली. त्यानंतर घरी आलेला जो तो विचारायला लागला, "ही नवीन आणलीत का?"

बाई तीच होती. त्यामुळे हा लेख पुतळा कोणता घ्यावा इथून सुरू होत नाही. तो प्रश्न चौथ्या पायरीवर येतो. आधी जागा, मग मागचा पडदा, मग उजेड आणि त्यानंतर खरेदी. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात आणि मग घरी आणलेल्या पुतळ्यासाठी जागा शोधत हिंडतात. मीही तेच केलं होतं.

(एक शब्दाचं. शोभेच्या वस्तूला 'मूर्ती' म्हणायला माझी जीभ वळत नाही, म्हणून इथे 'पुतळा' किंवा 'शिल्प' असंच म्हणेन. त्यात माणसं, प्राणी, पक्षी, बुटके (टोकदार टोपीचे, दाढीवाले 'गार्डन नोम') आणि कशासारखेच न दिसणारे आकार, सगळे आले.)

पायरी १: आधी घरात बसा

आपण बागेत फिरतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ बाग घरातून बघतो. स्वयंपाकघराची खिडकी, मागच्या दाराची पायरी, संध्याकाळी टेकायची खुर्ची. या दोन-तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटं बसा आणि नजर आपोआप कुठे जाऊन थांबते ते बघा. ती सहसा मधोमध थांबत नाही. वाट जिथे वळते, दोन झुडपांमध्ये जिथे खाच पडते, भिंत जिथे संपते, तिथे थांबते. पुतळ्याच्या खऱ्या जागा याच. एका कागदावर बागेचा ओबडधोबड नकाशा काढून त्या फुल्यांनी दाखवा. तीन-चार फुल्या मिळाल्या तरी भरपूर झाल्या.

आता प्रत्येक फुलीपासून तुमच्या बसायच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा, कारण पुतळ्याची उंची त्यावरून ठरते. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतरावरून पाहिली तर नजरेच्या एका टप्प्यात मावते, आणि तिप्पट अंतरावरून तिच्या आजूबाजूसकट दिसते. म्हणजे एक मीटरचा पुतळा दोन मीटरांपेक्षा जवळ नको, तीनवर उत्तम. उलट बाजूने, दीड फुटाचा पक्षी खिडकीपासून दहा मीटरवर ठेवलात तर तो पक्षी आहे की पालथी बादली हे पाहुण्यांना विचारावं लागेल. लहान पुतळा वाटेलगत, वळणावर, पायरीशेजारी ठेवावा. तिथे माणूस त्याच्या जवळून जातो.

लहान म्हणजे कमी, असं मात्र नाही. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई या प्राचीन रोमन शहरात उत्खननात सापडलेलं एक घर जवळजवळ तीन हजार चौरस मीटरचं आहे, त्या शहरातल्या सर्वात मोठ्या घरांपैकी एक. त्याला आज 'फॉनचं घर' म्हणतात ते तिथे सापडलेल्या फॉनच्या, म्हणजे रोमन कथांमधल्या रानदेवाच्या, एका नाचऱ्या ब्राँझ पुतळ्यामुळे, आणि तो आहे जेमतेम ७१ सेंटिमीटर उंच. सापडला तो पुढच्या चौकात, पावसाचं पाणी झेलणाऱ्या उथळ हौदापाशी. म्हणजे दारातून आत येणाऱ्याची नजर जिथे आधी पडणार तिथेच.

पायरी २: सोंग उभं करा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. निवडलेल्या जागेवर पुतळ्याच्या उंची-रुंदीचं काहीतरी पंधरा दिवस ठेवून द्या. स्टुलावर पालथी बादली आणि त्यावर जुनी चादर, खोक्यांची चळत, पोत्यात भरलेला पालापाचोळा, काहीही चालेल. दिसायला हास्यास्पद दिसतं, शेजारी विचारतात, विचारू द्या.

या पंधरा दिवसांत तीन गोष्टी कळतात. पहिली उंचीची. दुकानात चार फुटांचा पुतळा भव्य वाटतो, कारण तिथे तो छताखाली असतो. उघड्या आभाळाखाली तोच एकदम खुजा होतो. दुसरी अडचणीची. हिरवळ कापताना, नळी ओढताना, कपडे वाळत घालताना तुम्ही किती वेळा त्याला धडकता? तिसरी सवयीची. आठवडाभराने ते सोंग तुम्हाला दिसेनासं झालं असेल तर ती जागा बाद. अजूनही नजर तिकडे जात असेल तर जागा पक्की.

सोंग उभं असताना फोनवर त्याचा कृष्णधवल फोटो काढा. रंगामुळे फसलेला डोळा राखाडी छटांमध्ये फसत नाही. फोटोत सोंग आणि मागची झाडं एकाच करड्या रंगात मिसळून गेली, तर तिथे पुढे येणारा पुतळाही तसाच मिसळणार.

पायरी ३: पडदा आणि उजेड

पुतळ्याच्या मागे काय आहे यावर अर्धा खेळ आहे. सगळ्यात चांगला पडदा म्हणजे बारीक पानांचं, एकाच हिरव्या रंगाचं, दाट झुडूप किंवा कापलेलं कुंपण. फिकट दगड त्यापुढे उठून दिसतो. ब्राँझ किंवा काळ्या दगडाला मात्र तोच पडदा गिळून टाकतो. त्यांना फिकट भिंत किंवा उघडं आभाळ मागे लागतं. क्रोटनसारखी रंगीबेरंगी, ठिपक्यांची पानं कुठल्याही पुतळ्यामागे नकोत. दोघंही एकाच वेळी बोलायला लागतात. वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी, एसीचा पंखा हे मागून डोकावत असतील तर आधी त्यांची सोय बघा.

उजेडाचं गणित सोपं आहे, पण कोणी करत नाही. शिल्पाचा आकार सावलीने कळतो, आणि सावली बाजूने येणाऱ्या उजेडात पडते. सकाळी आणि संध्याकाळी तिरपं ऊन आलं की कपड्यांच्या चुण्या, बोटं, डोळ्यांच्या खोबणी जिवंत होतात. भर दुपारी तोच चेहरा सपाट होतो. म्हणून तुम्ही बागेत बहुधा सकाळी असता की संध्याकाळी हे ठरवा आणि त्या वेळी ऊन पुतळ्याच्या एका गालावर पडेल असं त्याचं तोंड करा. उत्तर गोलार्धात थेट उत्तरेकडे तोंड केलेला पुतळा वर्षातले बरेच दिवस स्वतःच्याच सावलीत राहतो. पांढऱ्या दगडाला ते चालून जातं, गडद पुतळ्याचा मात्र नुसता काळा ठोकळा होतो.

पायरी ४: आता खरेदी. दगड, माती, धातू, प्लास्टिक

*ग्रॅनाइट* सर्वात टिकाऊ. ऊन, पाऊस, थंडी, कशानेही फारसा बिघडत नाही. पण कठीण असल्याने त्यात बारीक कोरीव काम महाग पडतं. साधे, गोलसर आकार त्याला शोभतात.

*संगमरवर* दिसायला राजा, पण आम्लाला भितो. तो मुळात कॅल्शियम कार्बोनेट आहे, आणि आम्लाचा थेंब पडला की विरघळतो. मोठ्या शहरांच्या धुरकट हवेतल्या पावसाने जुन्या संगमरवरी चेहऱ्यांची नाकं झिजतात ती याच कारणाने. फळझाडाखाली, जिथे पिकलेलं फळ टपटप पडतं, तिथे संगमरवर ठेवू नका.

*वालुकाश्म* उबदार रंगाचा आणि कोरायला सोपा, पण पाणी पितो. त्याचे थर कळत असतील तर ते आडवे असलेला नग घ्या. थर उभे असले की पाणी त्यांत शिरतं आणि पापुद्रे सुटतात.

*सिमेंटचे* पुतळे सर्वाधिक मिळतात, आणि त्यांना नाक मुरडायचं कारण नाही. मात्र साच्यातून काढल्यावर २८ दिवस तरी जाईपर्यंत त्यांना रंग किंवा सीलर लावू नका. सुरुवातीला अंगावर पांढरी भुकटी फुटते. तो आतला चुना वर आलेला असतो. कोरड्या ब्रशने झाडत राहिलात की काही महिन्यांत थांबते. माशांच्या तळ्यात नवा सिमेंटचा पुतळा थेट सोडू नका. ओलं सिमेंट पाण्याचा अल्कधर्मीपणा वाढवतं आणि मासे मरतात. आधी वेगळ्या टाकीत काही आठवडे, पाणी बदलत, भिजवून काढा.

*टेराकोटा* मला सगळ्यात आवडतो आणि सगळ्यात जास्त फोडलाही मीच आहे. विकत घेताना बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत आवाज आला तर भाजणी चांगली आणि तडा नाही. 'थब्ब' असा बसका आवाज आला तर ठेवून द्या, कितीही सुंदर असला तरी. ज्या ठिकाणी हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो तिथे कमी भाजलेला टेराकोटा बाहेर ठेवणं म्हणजे तो फोडायलाच ठेवणं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि मातीच्या छिद्रांत अडकलेलं पाणी फुगलं की कवच उडतं. तिथे जास्त तापमानाला भाजलेलं, छिद्रं मिटलेलं स्टोनवेअर घ्या.

*ब्राँझ* पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. तो बहुधा पोकळ ओतलेला असतो, म्हणून दिसतो त्यापेक्षा हलका. *कॉर्टेन पोलाद*, म्हणजे ते तांबूस गंजाची साय धरणारं, आधुनिक आकारांना फार छान दिसतं, पण पहिल्या वर्षात पावसाबरोबर गंज खाली ठिबकतो. पांढऱ्या फरशीवर ठेवलात तर फरशी गेली. खाली खडी पसरा. *शिशाचे* जुने पुतळे हाताशी आले तर लक्षात ठेवा की शिसं विषारी आहे. भाजीच्या वाफ्याजवळ नको, मुलांच्या हाताशी नको, हात लावलात तर धुवा.

*फायबरग्लास आणि रेझिन* हलकं, स्वस्त, गच्चीवर किंवा पोटमाळ्याच्या छपरावर हाच पर्याय. उन्हाने रंग विटतो आणि पृष्ठभाग खडूसारखा हाताला लागतो. वाऱ्याने पडतो, म्हणून पोकळीत कोरडी वाळू भरा. वाळू ओली भरली तर आत बुरशीचा वास धरतो.

आता फसवणुकीचं. संगमरवराची भुकटी रेझिनमध्ये कालवून साच्यात ओतलेले पुतळे 'मार्बल' म्हणून सर्रास विकले जातात. ब्राँझची भुकटी आणि रेझिन मिळून होणारा 'ब्राँझ'ही तसाच. वस्तू वाईट नसते, पण किंमत दगडाची लावलेली असते. ओळखायचं कसं? तळवा टेकवा: खरा दगड आणि खरा धातू गार लागतो, रेझिन लगेच ऊब धरतं. काखेत, मानेच्या मागे, पायांच्या मध्ये साच्याची बारीक शिवण शोधा. कोरलेल्या दगडाला शिवण नसते. सुईच्या टोकाएवढे हवेचे बुडबुडे दिसले तर ते ओतकाम. आणि ब्राँझला चुंबक चिकटला तर ते रंगवलेलं लोखंड आहे.

पायरी ५: वजन काढा, मग पाया

विक्रेता वजन सांगतो ते अंदाजे. स्वतः काढा. पुतळा मावेल अशा खोक्याचं माप घ्या: समजा ३० × ३० सेंटिमीटर रुंदी आणि ९० उंची. ते झालं ८१ लिटर. उभी मानवी आकृती अशा खोक्याचा साधारण निम्म्याहून थोडा कमी भाग भरते, म्हणजे सुमारे ३६ लिटर. भरीव सिमेंट लिटरला २.४ किलो, ग्रॅनाइट आणि संगमरवर २.७ किलो. म्हणजे सिमेंटचा पुतळा ८५-९० किलो, दगडी शंभरीच्या आसपास. एवढं वजन मोकळ्या मातीवर ठेवलं की ते खचणारच, आणि सगळीकडे सारखं खचणार नाही. काळी चिकण माती तर ओलीने फुगते आणि वाळली की आक्रसते. माझी बाई दरवर्षी डावीकडे का जायची त्याचं उत्तर हेच.

वीस-पंचवीस किलोपर्यंतच्या पुतळ्याला वरची माती काढून, चोपलेल्या वाळूवर घट्ट बसवलेली एक जाड फरशी पुरते. त्यापुढे रीतसर पाया घाला.

चौथऱ्याच्या मापापेक्षा चारी बाजूंनी चार-पाच इंच मोठा चौकोन आखा. साधारण आठ-नऊ इंच खणा. तळाशी मऊ, मुळांची किंवा भराव टाकलेली माती लागली तर ती निघेपर्यंत खाली जा. मग चार-पाच इंच मुरूम किंवा फुटक्या विटा-खडी टाका आणि धुमसाने चोपा. सगळी एकदम टाकून नव्हे, तर दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच सगळे घाई करतात. त्यावर चार इंच काँक्रीट: एक घमेलं सिमेंट, दोन वाळू, चार खडी. पाणी जेवढ्यास तेवढं. पातळ मिश्रण पसरायला सोपं, पण सुकल्यावर कच्चं राहतं. लेव्हल लावून सपाट करा आणि पाणी वाहून जाईल एवढा किंचित उतार एका बाजूला द्या. सात दिवस ओलं पोतं टाकून पाणी मारा. जड पुतळा त्यानंतरच, शक्य असेल तर तीन-चार आठवड्यांनी.

एक गोष्ट स्वस्तातली पण मोलाची: पाया आणि चौथरा यांच्यामध्ये जाड प्लास्टिकचा किंवा डांबरी कागदाचा तुकडा घाला. जमिनीतली ओल दगडातून वर चढते, सोबत क्षार नेते, आणि पाणी उडून गेलं की क्षार दगडाच्या कातडीखाली स्फटिक होऊन पापुद्रे काढतात. पायाजवळ खपल्या धरलेले पुतळे पाहिले असतील तर हेच कारण.

मोठ्या झाडाच्या बुंध्याजवळ पाया घालू नका. मुळं तोडली तर झाड दुखावतं, नाही तोडली तर काही वर्षांत तीच पाया उचलतात.

पायरी ६: चौथरा आणि पकड

चौथरा किती उंच? माझा ठोकताळा असा: ज्या जागेवरून पुतळा सर्वाधिक पाहिला जातो तिथे तुम्ही उभे असता की बसलेले, ते बघा. उभ्या माणसाची नजर साधारण दीड मीटरवर असते, खुर्चीत बसलेल्याची एक ते सव्वा मीटरवर. पुतळ्याचा चेहरा त्याच्या आसपास आला की तो तुमच्याकडे बघतोय असं वाटतं. खूप वर गेला की स्मारक होतं. प्राण्यांचं उलट. कासव, मांजर, बदक यांना चौथऱ्यावर चढवलं की बिचारे बक्षीस समारंभाला आल्यासारखे दिसतात. त्यांना जमिनीलगतच राहू द्या, गवतात अर्धे बुडालेले, पण खाली लपलेली फरशी हवीच.

चौथऱ्याची रुंदी पुतळ्याच्या बैठकीपेक्षा दीड-दोन इंच सगळीकडून जास्त असावी. नक्षी जितकी पुतळ्यावर, तितकी चौथऱ्यावर नको.

आता एक हिशेब, लहान मुलं घरात असतील तर दोनदा वाचा. ९० किलोचा पुतळा, बैठक ३० सेंटिमीटर रुंद, उंची १०० सेंटिमीटर. नुसता ठेवलेला असेल तर त्याला उलथायला डोक्यापाशी किती जोर लागेल? ९० ला १५ ने गुणा, १०० ने भागा: साडेतेरा किलो. गळ्यात हात टाकून झोंबणारं पाच वर्षांचं मूल एवढा जोर सहज लावतं. म्हणून तीन फुटांपेक्षा उंच कुठलाही सडपातळ पुतळा चौथऱ्यात खिळवलाच पाहिजे, आणि चौथरा खालच्या पायाच्या काँक्रीटमध्ये.

त्यासाठी १२ मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा गज वापरा. चौथऱ्यात आणि पुतळ्याच्या बैठकीत समोरासमोर तीन-तीन इंच खोल, गजापेक्षा किंचित मोठी भोकं पाडा. दगडात भोक पाडताना ड्रिलचा हातोड्याचा झटका बंद ठेवा, नाहीतर बैठक चिरते. भोकं फुंकून धूळ काढा, इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारा डिंक) भरा, गज बसवा, ओळंबा लावून पुतळा उभा करा आणि एक रात्र टेकू द्या. साधं लोखंड चुकूनही नको. लोखंड गंजलं की मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं आणि ती मिळवण्यासाठी दगड आतून फोडतं. बैठक पातळ किंवा पुतळा पोकळ असेल तर भोक पाडण्याऐवजी तळाशी चार कोपऱ्यांत इपॉक्सीचे जाड ठिपके द्या.

बैठक रुंद आणि पुतळा ठेंगणा असेल तर मी खालच्या भोकातच इपॉक्सी भरतो, वरचं कोरडं ठेवतो. पुढेमागे हलवायचा झाला तर सरळ उचलता येतो.

उचलण्याबद्दल थोडंसं, कारण पुतळे बसवल्यानंतर कमी आणि बसवताना जास्त मोडतात. दगड दाबाला खंबीर, पण ताणाला आणि वाकायला कच्चा. हात, मान, घोटे हे त्याचे नाजूक सांधे. हात धरून किंवा डोकं धरून कधीही उचलू नका. घोंगडीत गुंडाळा, पट्टे धडाला बांधा. आडवा न्यायचा असेल तर वाळूच्या पिशव्यांचं अंथरूण करा, म्हणजे पूर्ण लांबीला आधार मिळेल. हिरवळीवर फळ्या टाकून त्यावर लोखंडी नळ्यांच्या तुकड्यांवरून सरकवत न्या. पन्नास किलोपर्यंत दोन माणसं, त्यापुढे जास्त माणसं किंवा साखळीची कप्पी (चेन-पुली). आपली कंबर पुतळ्याहून महाग आहे.

किती असावेत?

एका जागेवरून एका वेळी एकच. बागेत पाच असले तरी चालतील, पण खिडकीतून एक, वळणावर दुसरा, मागच्या बाकापाशी तिसरा. एकाच नजरेत सिंह, परी, बुद्ध आणि बदक दिसले की ते विक्रीला मांडल्यासारखे वाटतात.

अपवाद आहे, आणि तोही जोरदार. नेकचंद यांनी घडवलेल्या चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये आकृत्यांच्या रांगाच्या रांगा उभ्या आहेत. फुटक्या बांगड्या, कपबशा, टाकाऊ सिरॅमिक यांच्या. त्या गर्दी वाटत नाहीत, पलटण वाटतात, कारण सगळ्या एका हाताच्या, एका जातीच्या आहेत आणि एकाच जागी आहेत. पुष्कळ पुतळे हवेच असतील तर तसं करा: एकच कूळ, एकच कोपरा.

बुटक्यांबद्दल विचारणा होतेच. सर चार्ल्स इशम यांनी १८४७ च्या सुमारास जर्मनीतून मातीचे बुटके आणून इंग्लंडमधल्या लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत मांडले. त्यांतला एकच उरला आहे, 'लॅम्पी' नावाचा. पुढे रंगीत बुटक्यांची इतकी थट्टा झाली की लंडनमधल्या चेल्सीच्या प्रसिद्ध पुष्पप्रदर्शनात त्यांना बंदी होती. ती २०१३ मध्ये, शंभरीच्या निमित्ताने, तेवढ्यापुरती उठवली गेली. माझं म्हणाल तर बुटका जरूर ठेवा, पण तो दिसायला नको, सापडायला हवा. नेच्यामागे, मुळांच्या खाचेत. मुलं त्याला शोधून काढतात तेव्हाची त्यांची तोंडं बघा.

पायरी ७: पायाशी काय लावायचं

चौथरा आणि जमीन यांची रेघ उघडी राहिली की पुतळा 'ठेवलेला' दिसतो. ती रेघ तीन बाजूंनी बुडवा: नेचे, बुटकं गवत, जमिनीलगत पसरणारी कुठलीही साधी पानं. चौथी बाजू मोकळी ठेवा आणि मागे हात जाईल एवढी दीड फुटाची फट सोडा, नाहीतर पुसायला जाताना रोपं तुडवाल. भडक फुलं पायाशी नकोत, ती चेहऱ्यावरची नजर खाली ओढतात. भिंतीला चिकटून चढणाऱ्या वेली पुतळ्यावर चढवू नका. त्यांची चिकट मुळं दगडावर डाग सोडतात आणि वेल ओढून काढली की पापुद्राही सोबत येतो.

रात्रीच्या दिव्याचं थोडक्यात: एकच दिवा, कमी ताकदीचा, २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर, पावसापाण्याला चालणारा, बाजूने आणि किंचित वरून. नाकाखालून वर फेकलेल्या प्रकाशात कोणताही चेहरा भूत दिसतो.

पायरी ८: देखभाल

आठवड्याला एक काम: ओंजळी, घागरी, मांड्यांमधले खळगे, जिथे जिथे पाणी साचतं ते ओतून टाका. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पाणी ओतता येत नसेल तर खळग्याच्या तळाला बारीक भोक पाडा. माझ्या बाईच्या घागरीला मी तेच केलं.

वर्षातून एक-दोनदा साधं पाणी, मऊ नायलॉनचा ब्रश आणि लागलाच तर सौम्य साबण. तारेचा ब्रश नको, त्याचे कण दगडात अडकून गंजतात आणि नारिंगी ठिपके उठतात. प्रेशर पंप नको, तो घाणीबरोबर दगडाची कातडीही नेतो. ब्लीच नको, त्याचे क्षार आत राहतात. संगमरवराला लिंबू, व्हिनेगर, टाइल धुवायचं आम्ल यांतलं काहीही नको. ब्राँझ उन्हाने कोमट असताना पुसून त्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या आणि मऊ कापडाने घासा. हिरवट-तपकिरी साय घासून काढायच्या फंदात पडू नका, ती त्याचं संरक्षण करते. फिकट हिरवी भुकटी मात्र ठिपक्यांनी सुटायला लागली तर ते क्षारांमुळे होणारं कुरतडणं असतं. तिथे जाणकाराला दाखवा.

शेवाळ आणि दगडफूल काढावं की ठेवावं हा रुचीचा प्रश्न आहे. मी ठेवतो, डोळे आणि ओठ तेवढे मोकळे करतो. नव्या पुतळ्यावर लवकर शेवाळ यावं म्हणून दही फासायचा सल्ला सगळीकडे मिळतो. मी फासून पाहिलं, आधी काळी बुरशी आली, मग मुंग्या आल्या. खरबरीत पृष्ठभाग, सावली आणि ओल असली की शेवाळ आपण होऊन येतं. या तीन गोष्टी नसतील तर दह्याने आलेलंही टिकत नाही.

मागची झुडपं वाढत असतात हे विसरू नका. दर काही महिन्यांनी पुन्हा त्याच खिडकीत बसून बघा. माझ्या बाईला मागच्या पावसाळ्यात झुडपांनी कोपरापर्यंत गिळलं होतं, आणि ते मला कळलं नाही, एका पाहुण्याने विचारलं, "इथे एक पुतळा होता ना?" त्याच दुपारी कात्री घेऊन बसलो. घागरीचा काठ मोकळा होईपर्यंत कापलं आणि डावा खांदा पानांत राहू दिला.